मुक्या खांद्याचं जाकीट

आमच्या रुग्णालयात वाट सगळेच चुकतात. जुन्या इमारतीला एक नवी जोडली, नवीला आणखी एक, आणि दर वेळी बोळ वाढत गेले. पाट्या आहेत, बाण आहेत, तरी एक्स-रे शोधत निघालेला माणूस रोज स्वयंपाकघराच्या दारात उभा सापडतो. इथलं प्रशासन सांभाळता सांभाळता चुकलेल्या माणसांची मला सवय झाली आहे. त्यांना थांबवायचं, वळवायचं, पुढच्या कामाला लागायचं. पण रोज, ठरवून, त्याच त्या जागी वाट चुकणारी बाई मी एकच पाहिली. त्यांना आम्ही सगळे जाकीटमावशी म्हणायचो.

साठी उलटलेली, अंगानं किरकोळ. सुती पातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि त्यावर ते राखाडी, बिनबाह्यांचं जाकीट. मखमलाबादकडे त्यांची शेवंतीची आणि झेंडूची शेती. मुलगा पहाटे फूलबाजार करायचा आणि परतताना आईला मोटारसायकलवरून आमच्या दारात सोडायचा. दारावरचा रक्षक पवार म्हणायचा, मावशी आल्या हे न बघता कळतं, आधी शेवंतीचा वास येतो. यावर मावशींचं उत्तर ठरलेलं, "मला बी तू आला की तंबाखूचा येतो. फिटलं."

मावशींची नजर काचबिंदूनं गेली होती, तीही अगदी अलीकडे. त्यामुळे जन्मापासून अंधारात वावरणाऱ्या माणसाची सराईत चाल त्यांच्याकडे नव्हती. पांढरी काठी मुलानं आणून दिली होती. ती घरात दाराला अडसर म्हणून लावतात, असं त्यांनीच मला सांगितलं. काठी हातात घेतली की लोक वाट देतात आणि मग उभे राहून बघत बसतात, हे त्यांना सोसायचं नाही.

जाकीट होतं एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचं. तिथल्या गायधनी मॅडमनी ते बनवलं होतं. त्यांचे वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतात. मॅडम म्हणायच्या, आमच्या घरात लोकांना वाटेला लावायचं काम पिढीजात आहे. जाकिटाच्या सुतातच वीज वाहून नेणारा बारीक धागा विणलेला होता, जरीसारखा दिसणारा. दोन खांद्यांवर, मानेमागे आणि छातीवर नाण्याएवढ्या चकत्या कापडाच्या आत शिवलेल्या. आमच्या बोळांच्या छतावर त्यांनी लहान लहान डब्या बसवल्या होत्या. त्या डब्यांवरून जाकिटाला आपण कुठे आहोत ते कळायचं, आणि जायची-यायची वाट त्यात आधीच भरलेली असायची. डावीकडे वळायचं असलं की डावा खांदा थरथरायचा, उजवीकडे असलं की उजवा. सरळ जायचं तर सगळं शांत. वळण मागे पडलं तर मान थरथरायची, म्हणजे मागे फिर. आणि पोचलं की छातीवर एक लांब थरथर. छपराखाली सगळं ठीक, मोकळ्यावर मात्र जाकीट मुकं. अंध माणसांना मोठ्या इमारतीत एकट्यानं फिरता यावं म्हणून ही चाचणी होती आणि आमच्याकडून ती बघायचं काम माझ्याकडे आलं होतं. माझ्याकडे काय येत नाही? हरवलेल्या चपला येतात, बंद पडलेली लिफ्ट येते, तसं हेही आलं.

पहिल्यांदा जाकीट घातलं तेव्हा मावशी बोळात अवघडून उभ्या राहिल्या. डावा खांदा थरथरला तशी हसू दाबत म्हणाल्या, "जलमभर बैलाला हाकलं. आता हे मला हाकतंय." पुढे त्या जाकिटाशी बोलायला लागल्या. पुटपुटत चालायच्या, "हां, कळलं. वळते ना. दम धर." जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटायचं बाईचं डोकं ठिकाणावर नाही. मावशींना त्याचं काही नव्हतं. त्या म्हणायच्या, डोळे गेले याचा एक फायदा, लोकांची तोंडं बघावी लागत नाहीत.

मावशींना हे जाकीट कशासाठी हवं होतं ते सांगायला हवं. त्यांचे यजमान आमच्याकडे छातीच्या आजारानं भरती होते, तळमजल्यावरच्या लांबच्या टोकाच्या वॉर्डात. मावशी त्यांना 'मालक' म्हणायच्या. त्या वॉर्डात रुग्णाजवळ एकाच माणसाला सोडतात. हा नियम मीच अमलात आणते आणि रोज त्यासाठी शिव्या खाते. मावशींना हाताला धरून जो कोणी आणणार, तो आणि मावशी यांच्यापैकी एकानंच आत जायचं. मावशी एकट्या आत गेल्या तर मालकांच्या खाटेपर्यंत नेणार कोण, आणि सोबतीचा माणूस गेला तर मावशी बाहेर बाकावर. सुरुवातीला काही दिवस त्या तशा बाकावरच बसून परत गेल्या होत्या. सून आतून येऊन सांगायची, मामंजींनी अर्धी पोळी खाल्ली. एवढीच त्यांची भेट.

मी दोघांना आत सोडण्याची चिठ्ठी देऊन पाहिली. पाळी बदलली की नवा रक्षक हटकायचा, परिचारिका कुरकुरायच्या, शेजारच्या खाटेवाले विचारायचे की त्यांना दोघं, मग आम्हाला का नाही. आणि मावशींनीच एक दिवस ती चिठ्ठी माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाल्या, चिठ्ठीवर आत गेलं की रोज कुणीतरी आधी चिठ्ठी बघतं, मग माझ्या डोळ्यांकडे. शिवाय तिसरं माणूस जवळ बसलं की मालक बोलतच नाहीत, नुसते छताकडे बघत पडतात. "ताई, मला यांच्याशी भांडायचं असतं. सुनेदेखत कसं भांडू?"

म्हणून जाकीट. ते अंगात घातलं की मावशी एकट्या निघायच्या, एकट्या पोचायच्या, आणि नियमातला एक माणूस त्या स्वतः असायच्या. वॉर्डातल्या परिचारिका सांगायच्या, म्हातारी खाटेच्या पायथ्याशी बसते, नवऱ्याचा पाय मांडीवर घेते आणि शेवंतीचा भाव, शेजाऱ्यानं तोडलेला बांध, सुनेनं केलेली खारट आमटी, सगळं सांगते. मालकांना बोलायला दम पुरायचा नाही. ते मधूनच एखादा शब्द टाकायचे आणि मावशी त्या शब्दावरून पुन्हा भांडायला लागायच्या. दुपारी येताना चेहरा उतरलेला असायचा, पण चाल मोकळी.

मी एकदा त्यांना विचारलं होतं की जाकीट मिळण्याआधी बाहेर कशा चालत होतात. नजर गेल्यापासून मालकच सगळीकडे न्यायचे, असं त्या म्हणाल्या. पण हात धरून नाही. चारचौघांत बायकोचा हात धरायची त्यांच्यात रीत नव्हती. मालक खांद्यावर पंचा टाकून पुढे चालायचे आणि मावशी मागून पंचाचं टोक धरायच्या. लग्नकार्याला, बाजारात, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, असंच. "मी कापडाला धरूनच चालते, ताई. आधी यांचा पंचा, आता तुमचं जाकीट."

मी तेव्हा हसले आणि वॉर्डाच्या पडद्यांच्या मागणीवर सही करायला वळले. माझ्या दिवसात असल्या बोलण्याला तेवढीच जागा असते.

माझ्या टेबलासमोर काच आहे. काचेपलीकडे औषधांचं दुकान, आणि तिथेच वॉर्डाकडे जाताना पहिलं उजवं वळण. दुसरं उजवं वळण थेट वॉर्डाच्या तोंडाशी. एवढीच त्यांची वाट, दोन वळणांची. एक दिवस माझ्या लक्षात आलं की मावशी औषधांच्या दुकानापाशी वळल्याच नाहीत. सरळ पुढे पाण्याच्या कूलरपर्यंत गेल्या, थांबल्या, गर्रकन फिरल्या, परत आल्या आणि मग वळल्या. गर्दी असेल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही दिवशी तेच, आणि चेहऱ्यावर गोंधळ नावालाही नाही. मी गायधनी मॅडमना कळवलं की छतावरची डबी बिघडली असावी. त्यांनी शिडी लावून डबी तपासली. डबी ठणठणीत होती.

मग मी टेबल सोडलं आणि त्यांच्या मागे चालू लागले. कूलरपाशी त्या थांबल्या. "कळलं, फिरते," असं जाकिटाला म्हणाल्या, वळल्या आणि माझ्यावर येऊन आदळल्या.

"ताई ना? तुमच्या किल्ल्या वाजतात."

मी बरोबर चालले. दुसरं वळण आलं तेव्हा माझा तळहात त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवला. खांदा गप्प होता. मावशी वॉर्डाचं दार मागे टाकून सरळ भिंतीच्या दिशेनं निघाल्या होत्या. मी त्यांना बाकावर बसवलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मावशी."

त्या पदराशी चाळा करत बसल्या. "सुनेनं धुतलं तवापासून."

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या घरची रीत अशी की दवाखान्यातून आलेलं कापड उंबरा ओलांडत नाही. आलेल्या माणसानं न्हाणीत जायचं, अंगावरचं सगळं कढत पाण्यात भिजायला टाकायचं, मगच घरात शिरायचं. मावशी रोज जाकीट बाहेर खुंटीला अडकवायच्या. एका दिवशी पाव्हणे आले, गडबड झाली आणि सुनेनं ते पातळाबरोबर बादलीत घातलं. पोरीनं खिशातली बॅटरीची डबी आठवणीनं काढून ठेवली होती. जाकीट धुता येतं हे तिनं ऐकलेलं होतं. गार पाण्यात, हलक्या हातानं, हे कुणी तिच्यापर्यंत पोचवलं नव्हतं. तिनं घरातल्या चांगल्या कपड्यासारखं ते मनापासून धुतलं, म्हणजे दगडावर आपटलं. वाळल्यावर इस्त्रीसुद्धा केली. उजव्या बाजूचा धागा आत कुठेतरी तुटला.

"उजवं वळण आलं की हे गप ऱ्हातं," मावशी समजावू लागल्या. "मी आपली सरळ जाते. मंग मानेला चावतं, की चुकली, फिर माघारी. फिरलं की तेच वळण डाव्या हाताला येतं. डावा खांदा चांगला हाय. झालं की."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्तीला नेलं असतं. आन् सुनेला बोल लागला असता. तिनं काय वाईटासाठी धुतलं का?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, मालकाचं आता काय ऱ्हायलंय ते तुम्हाला म्हाईत हाय. डॉक्टर मला सांगत नाय, पण पाय मांडीवर घेते ना मी. हलका झालाय. तेवढं होऊ द्या. मंग खुशाल न्या तुमचं जाकीट."

मी त्यांना वॉर्डाच्या दारापर्यंत सोडून आले आणि गायधनी मॅडमना फोन लावला. लपवाछपवी मला जमत नाही, आणि चाचणी त्यांची होती. दुरुस्तीचं विचारलं. ठिगळ लावता येणार नाही, उजवी बाजू पुन्हा विणून घ्यावी लागेल, ती दुसऱ्या गावी, आणि कितीही घाई केली तरी काही आठवडे जातील, असं त्या म्हणाल्या. दुसरं जाकीट अजून मागावरच होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. मावशींच्या मागे, अंतर राखून, सगळी वाट चालल्या. मावशी पहिलं वळण चुकल्या, फिरल्या, वळल्या. दुसरं चुकल्या, फिरल्या, वळल्या आणि वॉर्डात शिरल्या. मॅडम माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. मी चहा मागवला. त्यांनी कप उचलला. वय काही फार नाही, पण त्या दिवशी माझ्याएवढ्याच दमलेल्या दिसत होत्या.

चाचणीचं सगळं गेलंच, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "वाट चुकू नये म्हणून मी इतकी खटपट केली. तो मानेचा भाग ना, आम्ही अगदी शेवटी घाईत शिवला होता. असावा म्हणून."

मला वाटलं, आता त्या जाकीट मागतील. त्यांचा तो हक्कच होता. पण कप खाली ठेवून त्यांनी विचारलं की हे रात्रीचं तुमच्या कपाटात ठेवता येईल का. अहवालात खरं काय ते लिहीन, उजवा खांदा बंद आहे आणि चालणारी व्यक्ती स्वतःच्या इच्छेनं चालते आहे. पुढचं पुढे. पुढचं असं झालं की कामाच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली नाही. छतावरच्या डब्या अजून तशाच आहेत. लोक मला विचारतात, कॅमेरे आहेत का? मी नाही म्हणते.

त्या दिवसापासून जाकीट माझ्याकडे राहू लागलं. सकाळी मुलगा मावशींना दारापर्यंत आणायचा, मी त्यांच्या अंगात जाकीट चढवायची. दुपारी परत आल्या की काढून माझ्या कपाटात, बॅटरी चार्जिंगला. घरची रीतही राहिली आणि डावा खांदाही वाचला. सुनेला मावशींनी सांगितलं की ताईंना जाकीट मोजून ठेवावं लागतं. माझ्या नावावर हे खोटं कायमचं राहिलं आहे.

त्या दहा-पाच मिनिटांत त्या माझ्या टेबलाशी टेकायच्या. पाणी प्यायच्या. माझ्याकडे लोकांची रीघ लागलेली असायची, कुणी पास मागत असायचं, कुणी भांडत असायचं. मावशी ऐकून घ्यायच्या आणि जाता जाता म्हणायच्या, "ताई, तुम्ही दिवसभर सगळ्यांना सरळ वाट सांगता. तुम्हाला मागं फिरवणारं कुणी नाय का?" मी म्हणायची, वेळ कुठे आहे मागे फिरायला. त्या एक उसासा टाकून निघायच्या.

एक गोष्ट त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितली होती. येताना जाकीट छळायचं, पण परतीला कधी नाही. जातानाची दोन्ही उजवी वळणं परतताना डावी व्हायची, आणि डावा खांदा चांगला होता. त्यामुळे वॉर्डातून दारापर्यंत त्या एका दमात यायच्या, न थांबता, न फिरता. "न्यायला कुरकुरतं आन् घालवून द्यायला एकदम हुशार," असं त्या म्हणायच्या.

मालक गेले ते दुपारच्या आधी. त्यांचा पाय मावशींच्या मांडीवर होता. परिचारिकेला काही कळायच्या आत मावशींनीच हाक मारली. मुलगा बाजारातून घरी पोचला होता, तो उलट पावली आला. कागद झाले, सह्या झाल्या. आमच्याकडे मृतदेह मागच्या दारानं नेतात आणि सोबत घरचं एकच माणूस घेतात. तिथेही एकच. मुलगा आईकडे बघत उभा राहिला. मावशी त्याला म्हणाल्या, तू यांच्याबरोबर जा, मी येते पुढच्या दारानं.

मी हात पुढे केला. त्यांनी तो चाचपून बाजूला सारला. मालकांच्या सामानाची पिशवी काखेत मारली आणि निघाल्या. मी मागे होते. वॉर्डाच्या तोंडाशी डावा खांदा थरथरला असणार, त्या वळल्या. औषधांच्या दुकानापाशी वळल्या. एकदाही थांबल्या नाहीत. जाकिटाशी एक शब्द बोलल्या नाहीत. दारापाशी छातीवरची लांब थरथर झाली तशा उभ्या राहिल्या, आणि पवारनं त्या दिवशी काही चेष्टा केली नाही.

मी त्यांच्या अंगातून जाकीट काढलं. ते माझ्या हातात असतानाच त्यांनी चाचपडत त्याचा मानेकडचा भाग शोधला आणि त्यावर बोटं ठेवली.

"आज तरी एकदा मागं फिरवायचं होतं ह्यानं," त्या म्हणाल्या.

दारापासून फाटकापर्यंत मोकळं आवार आहे, तिथे जाकिटाचा तसाही उपयोग नव्हता. मावशींनी पिशवी खाली ठेवली, वाकून आत हात घातला आणि मालकांचा पंचा काढला. घडी मोडून तो माझ्याकडे धरला.

"घ्या ताई. खांद्यावर टाका."

मी पंचा खांद्यावर टाकला आणि पुढे चालू लागले. पिशवी त्यांनीच घेतली होती. फाटकापाशी शववाहिका उभी होती आणि मुलगा तिचं दार धरून थांबला होता. मी एरवी चालते त्यापेक्षा खूप हळू चालले. मागे वळून पाहिलं नाही. त्या येत होत्या, कारण पंचा माझ्या खांद्यावर सारखा ताणलेला राहिला होता.